जड गोळी, संथ बारूद

प्रिय मार्नी,

क्लीट हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा तुझा बाबा अजून घोड्यावरून उतरतच असेल. गुडघ्यामुळे त्याला वेळ लागतो. तेवढ्यात हे खिशात घाल. त्याला शेकोटीजवळ बसव, कॉफी दे, मी बिस्किटं आणि हकलबेरीचा जॅम पाठवलाय तो दे, आणि मग तंबूत जाऊन वाच. पण वाचायच्याही आधी एक कर. मागच्या खेपेला तू घरून नेलीस ती काडतुसांची हिरवी पेटी खोगिराच्या थैलीतून काढ आणि क्लीटच्या हवाली कर. त्यातलं एकही रायफलमध्ये घालायचं नाही. एखादं आत्ता आत असेल तर तेही काढ. जा, आधी ते करून ये. मी थांबते.

केलंस? खरंच केलंस ना? मी तुला ओळखते, बाई. "आईचं काय, ती मेघ दिसला की छत्री उघडते," असं म्हणून तू बाहेरून आलेल्या त्या पाहुण्यांना शिकार दाखवायला निघून जाशील. म्हणून सांगते, ही काडतुसं मी भरलेली आहेत आणि ती वाईट आहेत. तुमच्या छावणीचा रेडिओ मेलाय हे क्लीटनेच सांगितलं. खिंडीपलीकडे तुझ्यापर्यंत पोचायला त्याच्या खेचरांशिवाय दुसरं काही नाही. त्याने बिचाऱ्याने नाल ठोकायचं काम अर्धं टाकलं आणि ठरल्याच्या एक दिवस आधी निघायचं कबूल केलं. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आत तो पोचेल असं म्हणतो. पण तू मोसम उघडायची वाट कशाला बघशील, रायफल तपासायला एखादा बार लावून बघितलाच असशील, हे सारखं मनात येतं. हे तू वाचते आहेस म्हणजे तुझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, एवढं मी आत्ता लिहिताना धरून चालते.

झालं ते सांगते. शनिवारी शेजारचा ऑरिन आला. नेहमी कुंपणापासून ओरडत येतो, त्या दिवशी गाडीतून उतरून सरळ शेडपर्यंत चालत आला. रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून आणलेली, आजारी वासरू आणावं तशी. म्हणाला, "लिओटा, तुझ्या काडतुसाचा एकच बार काढला. आवाज असा झाला की कुत्रा पळाला तो अजून आलेला नाही. आणि बोल्ट काही उघडत नाही." तुझा बाबा शेडच्या दारात उभा होता. त्याने रायफल घेतली, शिकंज्यात लावली, लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकून नळीच्या मागचा बोल्ट उघडला, आणि काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर काढून उजेडात धरली. तुला सांगते मार्नी, कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा जुन्यासारखा झाला होता. त्याने आम्हा दोघांना बोटाने दाखवलं. बुडावर पितळ घासून चकचकीत झालेलं, आणि मधली ठिणगीची टोपी चपटी होऊन बुडाशी एकजीव झालेली. म्हणाला, "जड गोळीच्या मागे चपळ बारूद गेली आहे. संथ जायला हवी होती. ऑरिन, तू घरी जाऊन देवाचे आभार मान, आणि उरलेली सगळी परत आणून दे."

तुला हे लहानपणापासून पाठ आहे. पण माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून परत लिहिते. हलकी गोळी चटकन वाट सोडते, तिच्या मागे बारूद भसकन पेटली तरी निभतं. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिला सावकाश जळणारी बारूद लागते, नळीच्या टोकापर्यंत रेटत नेणारी. तुझा बाबा काय म्हणायचा, चिखलात रुतलेल्या गाडीला रेटा द्यायचा असतो, लाथ नाही. जड गोळीमागे चपळ बारूद पडली तर गोळी हलायच्या आतच सगळा जोर मागे येतो, बोल्टवर. आणि बोल्टच्या मागे तुझा गाल असतो आणि उजवा डोळा असतो.

ऑरिन गेला आणि मी एल्कसाठीच्या बारुदीचा डबा उघडला. त्यातून मी ऑरिनची काडतुसं भरली होती, तुझी भरली होती. डबा खाली गेलेला असायला हवा. तो गळ्यापर्यंत भरलेला होता. मी कागदावर ओतून बघितलं. संथ काय आणि चपळ काय, दोन्ही बारीक काळ्या काड्या, पेन्सिलचं शिसं तुकडे तुकडे केल्यासारख्या. भिंग लावलं तेव्हा काही काड्या केसभर बारीक दिसल्या. एकाच डब्यात दोन्ही मिसळलेल्या होत्या, कुठे कमी, कुठे जास्त. ऑरिनच्या वाट्याला आली ती सौम्य होती म्हणायची. तुझ्या पेटीत काय गेलंय ते देव जाणे. तो सगळा डबा मी गुलाबांच्या मुळाशी ओतला. गुलाब तेवढे खूश आहेत.

गावात आता सगळीकडे झालंय की लिओटाने घोळ घातला. क्लीटनेही तुला तेच सांगितलं असेल. चर्चमध्ये बायका माझ्या पाठीवरून हात फिरवतात. ऑरिनची बायको बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली, जणू घरात कुणी गेलंय. वर म्हणते, "वय होतं गं, लिओटा. सगळ्यांचंच होतं." ती माझ्याहून मोठी आहे. भांडं परत देताना मी ते घासलं नाही.

आता नीट वाच, कारण क्लीटलाही हे माहीत नाही. ऑगस्टमध्ये पीच बरणीत भरायचा दिवस होता. सकाळी मी शेडमध्ये बसले होते, ऑरिनच्या मेंढ्यांवर कोल्हे येतात म्हणून त्याच्यासाठी हलक्या गोळ्यांची काडतुसं भरत होते. चपळ बारुदीचा डबा टेबलावर, मापाच्या यंत्राची नळी त्याच बारुदीने भरलेली. एवढ्यात स्वयंपाकघरात बरणी फुटल्याचा आवाज आला. मी धावले ती दिवसभर तिथेच अडकले, फरशीभर पाक आणि काचा. दुपारी तुझा बाबा आत आला. गोड हसला आणि म्हणाला, "तुझं टेबल लावून दिलंय. एल्कच्या काडतुसांची तयारी आहे. यंत्रात उरलेली होती ती डब्यात परत टाकली." मी काचा वेचत होते. म्हटलं, बरं.

तुला कळलं ना काय झालं ते? त्याचाच नियम आहे, या घरात तूही त्यावर वाढलीस: टेबलावर एका वेळी एकच डबा. म्हणजे यंत्रात जे आहे ते टेबलावरच्या डब्यातलंच, चुकायला जागाच नाही. त्याने चपळ बारुदीचा डबा नीट झाकण लावून कपाटात ठेवला. मग मोसम जवळ आला म्हणून संथ बारुदीचा डबा काढून टेबलावर ठेवला. मग यंत्राकडे वळला, ते भरलेलं दिसलं, आणि ते त्याने टेबलावरच्या डब्यात ओतलं. त्याने नियम मोडला नाही, मार्नी. मधल्या मिनिटभरात त्याने डबा बदलला आहे, एवढंच त्याच्या डोक्यातून गेलं. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले, टेबल पुसलेलं, यंत्र रिकामं, डबा मांडलेला. मला इतकं बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, बघ, अजून किती आहे त्याच्यात. आणि बसून तुझी काडतुसं भरली.

ऑरिनसमोर पुंगळी हातात धरून त्याने विचारलं, "ही कुणी भरली?" मी म्हटलं, मी. ते खरंच होतं. तो म्हणाला, "म्हणजे यंत्रात आधीची राहिली होती आणि तू बघितली नाहीस." त्याच क्षणी मला तो पीचचा दिवस आठवला, त्याचं ते हसू आठवलं. तोंड उघडलं होतं. पण तो माझ्याकडे असा बघत होता की मी उघडलेलं तोंड मिटलं. आणि मग तो मला बोलला. ऑरिनच्या देखत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी आवाज चढवला नाही त्याने, त्या दिवशी चढवला. "इतकी वर्षं मी तुला काय शिकवलं? पोरीच्या हातात असलं देतेस? कुणाचा तरी जीव जाईल, लिओटा." दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी चोराच्या उलट्या बोंबा म्हणून त्याला दाराबाहेर काढलं असतं. मी मान खाली घातली. मला राग आला नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन रडले, कारण तिथे कुणी काही विचारत नाही.

मग संध्याकाळी जेवताना मी सहज म्हणून विचारलं, "पीचच्या दिवशी तू यंत्र रिकामं केलंस ते आठवतं का?" तो म्हणाला, "कुठले पीच? यंदा पीच घेतले कधी आपण?" फळीवर बरण्या ओळीने उभ्या होत्या, त्याच्या डोक्यावर.

आता तुला दुसरंही सांगावं लागेल. वसंतात आम्ही शहरात डॉक्टरकडे गेलो होतो तेव्हा मी तुला रक्तदाब म्हणून सांगितलं. रक्तदाब नव्हता. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, त्याला आठवड्याचे वार विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्याने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला. डॉक्टर चांगला होता, त्याने आडपडदा ठेवला नाही. हे वाढत जाणार म्हणाला. तुझ्या बाबाने स्वतः गाडी चालवत घरी आणली. मग त्याने आपणहून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही घे. पण माझं टेबल काढून घेऊ नकोस." तेवढंच मागितलं. तू ऑगस्टमध्ये आलीस तेव्हा त्याने तुला एकच गोष्ट तीनदा विचारली आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, कान कमी झालेत. तू मानलंस, किंवा मानल्याचं दाखवलंस. तू तुझ्या बापासारखीच आहेस, समोरच्याला अवघड होईल असं काही विचारायचं नाही. पण मला त्या दिवशी वाटत होतं, हिने विचारावं.

टेबल मी त्याच्याकडून काढून घेतलं नाही. हाताशी बसायला लागले, त्याच्याऐवजी मीच भरायला लागले. आता गंमत बघ. ऑरिन येऊन गेल्यापासून शेडला कुलूप आहे आणि किल्ली तुझ्या बाबाच्या गळ्यात आहे. मला आत जायला बंदी. गावात सगळ्यांना सांगत सुटला आहे, यंदा लिओटा भरणार नाही, तिचं लक्ष नसतं. मला ऐकवतो, "तू आता विश्रांती घे." हसावं की रडावं ते कळेना झालंय. बाकी सगळं विसरतो, माझी चूक मात्र रोज सकाळी त्याच्या लक्षात असते.

आणि सोमवारी तो शेडमध्ये जाऊन बसला. मी गाजरं उपटायच्या निमित्ताने खिडकीखाली होते. इतकी गाजरं उपटली की आता हिवाळाभर खावी लागतील. त्याचे हात, मार्नी. ते काही विसरलेले नाहीत. पुंगळी पुसायची, टोपी बसवायची, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा, नरसाळ्याला टिचकी मारून शेवटची काडी खाली पाडायची. मी बघत राहिले. पण तो कपाटाकडे गेला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. कुठला डबा काढला ते मला दिसलं नाही. नवा संथ बारुदीचा डबा मी त्या सकाळीच आणून त्याच्या हातात दिला होता, चपळ बारुदीचाही कपाटातच होता. मी हाक मारली, आत येऊ का? तो म्हणाला, "कुलूप कशाला लावलंय मग?" नंतर त्याच्या अंघोळीच्या वेळी किल्ली काढायला गेले, तर तो ती गळ्यात घालूनच अंघोळ करतो.

त्याला वर डोंगरात का पाठवलं म्हणून तू माझ्यावर चिडशील. मी अडवलं. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो म्हणाला, "आईने पोरीला वाईट काडतुसं दिली, ती मीच बदलून देणार. क्लीटच्या हाती नाही द्यायची." रायफल त्याने आपणहून घरी ठेवली. म्हणाला, मला आता मारायचं नाही, मला फक्त एल्कची शीळ ऐकायची आहे. क्लीट त्याच्या घोड्याचा दोर स्वतःच्या खोगिराला बांधून नेणार आहे आणि पुढच्या खेपेला परत आणणार आहे. रात्री त्याला तुझ्याच तंबूत झोपव, दाराकडे तू झोप. तो तुला कधी कधी माझ्या नावाने हाक मारेल. ओ दे. डोंगर मात्र त्याला आठवतो. कुठल्या ओढ्याला एल्क पहाटे उतरतात ते तुझ्या त्या पैसेवाल्या पाहुण्यांना तो तुझ्याहून चांगलं सांगेल. पुढच्या वर्षी सांगेल की नाही, माहीत नाही.

तर आता हे पत्र का, ते. हिरव्या पेटीचा निरोप क्लीटने तोंडीही दिला असता. तुझा बाबा कॉफी संपवून तुला बोलावेल आणि कोटाच्या आतल्या खिशातून निळ्या रुमालात बांधलेली एक पेटी काढून तुझ्या हातात देईल. ती त्याने तुझ्यासाठी भरलेली काडतुसं आहेत. वाटभर तो ती छातीशी धरून आलाय. ती घे. त्याच्या देखत उघड, एखादं हातात घेऊन बघ, छान म्हण. आणि त्यातलंही एक रायफलमध्ये घालू नकोस. क्लीटच्या ओटच्या पोत्यात तळाशी दुकानातून आणलेली पेटी आहे. या घरात दुकानातलं काडतूस कधी आलं नव्हतं, मी ते डोक्याला स्कार्फ बांधून, ओळखीचं कुणी नाही ना बघून आणलं. काय आहे ते क्लीटने विचारलं नाही, तूही सांगू नकोस. तंबूत जाऊन ती निळ्या रुमालातल्या पेटीत भर. थोडी राखेने मळव, नवं पितळ फार चमकतं. बार झाला की रिकामी पुंगळी त्याच्या आधी तू उचल, त्याच्या हातात गेली तर तो बुडावरची कंपनीची अक्षरं वाचेल आणि त्याला सगळं कळेल, तेवढं त्याला अजून कळतं. आणि एल्क पडला की त्याला सांग, बाबा, तुझ्या काडतुसाने पडला. मी त्याच्यासाठी गावभर खोटं बोलले, हे एक तुला बोलायचं आहे. मला हे मागायला लाज वाटते, पण दुसरं कुणी नाही. त्याने भरलेली वीसच्या वीस घरी परत आण आणि माझ्याकडे दे. मी ती फोडून बघणार नाही, विहिरीत टाकीन. ती कदाचित बरोबरही असतील गं. तो तराजूवर श्वास धरून बसला होता ते तू बघायला हवं होतंस. ती बरोबर होती की चुकीची, हे मला कळलं तर मी त्याच्याकडे नीट बघू शकणार नाही.

तुझीच, खिंडीकडे डोळे लावून बसलेली,
आई